कागद उलटा करून बघा

मला एक सवय आहे. कुणी व्हिजिटिंग कार्ड हातात दिलं की नाव वाचायच्या आधी माझा अंगठा त्यावरून फिरतो आणि मग मी कार्ड उलटं करून मागची बाजू बघते. समोरच्याला वाटतं मागे काही लिहिलंय का ते शोधतेय. मागे बहुतेक वेळा काहीच नसतं, कागद सपाट, गुळगुळीत. आणि तरी पुढे अक्षरं बोटाला चांगली लागत असतात, चकाकत असतात, आणि कार्डाचा मालक कौतुकाने सांगत असतो, "एम्बॉस करून घेतलंय." मी हो हो म्हणते, कशाला कुणाचा आनंद घालवा. पण ते एम्बॉसिंग नसतं.

हे मला पुस्तक वाचून नाही कळलं, ठेच लागून कळलं. मी डिझाइनची कामं करते, आणि सुरुवातीच्या दिवसांत एका ऑफिसच्या लेटरहेडचं काम आलं होतं. त्यांना नाव उठावदार हवं होतं, मी प्रेसला सांगितलं एम्बॉस करा, आणि तिकडून जे आलं ते दिसायला झकास, फुगलेली निळी अक्षरं, हात फिरवत राहावंसं वाटेल अशी. सगळे खूश. चार दिवसांनी फोन आला की तुमचं लेटरहेड आमच्या प्रिंटरमध्ये चिकटतंय. जाऊन बघते तर लेझर प्रिंटरच्या आत नाव वितळून रोलरला लागलेलं, आणि नंतर घातलेल्या प्रत्येक कोऱ्या कागदावर त्याच नावाचं निळं भूत उमटत होतं, पहिल्यावर ठळक, दुसऱ्यावर जरा फिकट, असं करत करत सात-आठ कागद. ऑफिसातला एकजण म्हणाला, बघा ना, शाई किती पुरते. मला हसू येईना.

झालं होतं असं की प्रेसने थर्मोग्राफी करून दिली होती. त्यात साधी छपाई करतात, शाई ओली असतानाच वर राळेची बारीक पावडर टाकतात, शाईला जेवढी चिकटली तेवढी राहते, बाकीची हवेने ओढून घेतात, आणि मग तो कागद हीटरखालून जातो. पावडर वितळते, फुगवटा धरते, गार झाली की टणक होते. म्हणजे कागदाला काहीच झालेलं नसतं, वर एक चकचकीत साय आलेली असते. आणि लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर पक्का करायला जो रोलर असतो तो दोनशे डिग्रीच्या आसपास तापतो, तिथे राळेचं काय होणार, जे उन्हात मेणाचं होतं ते.

आता यात चूक कुणाची? अर्धी त्यांची, अर्धी माझी, कारण हाताला लागलं की म्हणायचं एम्बॉस असा एक घोळ सगळीकडे आहे आणि तो मीही घालत होते. त्या दिवसापासून मी कागद उलटा करायला लागले.

तर खरं एम्बॉसिंग म्हणजे काय. त्यात कागदावर काही चढवत नाहीत, कागदालाच उचलतात. दोन साचे लागतात, प्रेसमध्ये सरळ मेल-फिमेल म्हणतात. एक खोल कोरलेला, म्हणजे अक्षर आत गेलेलं, आणि दुसरा त्याचाच जुळा पण वर आलेला, पहिल्यात बरोबर बसेल असा. मध्ये कागद ठेवायचा आणि दाब द्यायचा, की कागदाचे धागे ताणले जाऊन त्या खोलगट भागात शिरतात आणि तिथेच राहतात. पुढून बघितलं तर अक्षर वर आलेलं, मागून तेवढाच खड्डा. हाच प्रकार उलटा केला, म्हणजे अक्षर पुढून खाली दाबलं, की त्याला डिबॉसिंग म्हणतात, त्यात जाड पुठ्ठ्यावर किंवा लेदरवर काम असेल तर कधी कधी एकाच साच्यावर भागतं कारण मागे उठाव यायची गरज नसते.

शाई नसतेच यात, असं नाही, घालू शकतो. पण शाई न घालता, फॉइल न लावता नुसता उठाव दिला तर त्याला ब्लाइंड एम्बॉस म्हणतात आणि माझ्या मते खरी मजा त्यातच आहे, कारण तिथे अक्षर दिसतं ते फक्त सावलीमुळे. पांढऱ्यावर पांढरं. उजेड एका बाजूने आला की एक कड उजळते, दुसरी काळोखते आणि मेंदू म्हणतो, अच्छा, इथे काहीतरी आहे. आपण सहज म्हणतो ना, गर्दीत तिचा ड्रेस उठून दिसत होता, तो शब्द इथे अगदी शब्दशः लागू पडतो. आणि छपाईला आपण मुद्रण म्हणतो, ते मुद्रेवरून आलंय, मुद्रा म्हणजे ठसा, शिक्का. म्हणजे शब्दाच्या पोटात शाई नाहीच, दाब आहे. मेसोपोटेमियात इसवीसनापूर्वी चौथ्या सहस्रकातच लोक दगडाचे कोरलेले छोटे रूळ ओल्या मातीवर फिरवून चित्र उठवत होते. बोटाएवढा रूळ, त्यावर उलटं कोरलेलं, आणि फिरवत गेलं की चित्राची पट्टी तयार. शाई, कागद काही नाही, तरी छापणं पूर्ण.

हाच जो सावलीचा गुण आहे तो क्लायंटला समजावताना मात्र नाकी नऊ येतात. एकदा मी ब्लाइंड एम्बॉसचं डिझाइन पीडीएफ करून पाठवलं, उत्तर आलं, "छान आहे पण लोगो टाकायचा राहिलाय." मी म्हटलं लोगो आहे, पांढरा आहे. "पांढरा म्हणजे दिसणार कसा?" मग खोटी सावली टाकून एक चित्र पाठवलं, तर त्यांना ती करडी सावलीच आवडली आणि प्रत्यक्ष छापून आल्यावर विचारतात ही ग्रे शेड का नाही आली. आता काय बोलणार. तेव्हापासून मी दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या कामाचा तुकडा पाकिटात घालून हातात देते, खिडकीपाशी न्या म्हणते, आणि गप्प बसते.

साचा, म्हणजे डाय, कशाचा करायचा यावर काम बरंच अवलंबून असतं. स्वस्तातला मॅग्नेशियमचा. डिझाइनची फिल्म घेऊन, फोटो धुवायच्या जुन्या पद्धतीसारखं, प्लेटवर चित्र उतरवतात आणि मग नायट्रिक ॲसिडने नको तो धातू खाऊन टाकतात. पटकन होतो, थोड्या कामाला ठीक, पण धातू मऊ, कडा लवकर झिजतात. तांब्याचा जास्त टिकतो, तो फेरिक क्लोराइडने कोरतात, बारीक रेघा पण बऱ्या येतात. पण या दोन्हीत उंची एकच, म्हणजे अक्षर एकतर वर नाहीतर खाली, मधलं काही नाही. पितळेचा डाय घेतला की खरं शिल्प सुरू होतं. तो मशीनवर कोरतात आणि शेवटचा हात अजूनही काही ठिकाणी कारागीर स्वतः मारतात, भिंग लावून, बारीक हत्यारांनी. त्यात पानाच्या शिरा वेगळ्या उंचीवर, पानाची कड वळलेली, देठ गोल, असं सगळं येतं. अशा डायमधून निघालेला पक्षी मी एकदा बघितला होता, एवढासा, पण पंखावरची पिसं एकावर एक चढलेली कळत होती, आणि ते सगळं कागदाच्या जाडीच्या आसपासच्या खोलीत! एक मिलिमीटरसुद्धा नाही हो.

मला स्वतःला आवडतो तो भाग म्हणजे मेल तयार करणं. आता डायवाल्याकडूनच रेझिनचा किंवा फायबरग्लासचा जुळा बनून येतो, पिना लावून जागेवर बसवला की झालं. पण जुनी पद्धत मी एका प्रेसमध्ये बघितलीय. तिथल्या काकांनी खोल कोरलेला डाय मशीनला वर लावला, समोरच्या सपाट बाजूवर पुठ्ठ्याचे आणि कागदाचे डिंक लावलेले थर चिकटवले आणि मशीन हाताने हळू हळू बंद केलं. उघडलं. थर थोडे दबलेले. परत एक कागद लावला, परत दाबलं. असं दहा-बारा वेळा, दर वेळी बोट फिरवून बघायचे कुठे भरलंय, कुठे पोकळ राहिलंय, तिथे पातळ कागदाचा फाडलेला, हो फाडलेला, कापलेला नाही, तुकडा चिकटवायचे. मी विचारलं फाडलेला का, तर म्हणाले कापलेल्या कागदाची कड धारदार असते, तिचीपण रेघ उठते, फाडलेल्याची कड विरत जाते. मग डिंक वाळू दिला, बाजूचा जास्तीचा पुठ्ठा ब्लेडने छाटला आणि समोर हुबेहूब मेल तयार, डायने स्वतःच घडवलेला. दोन तास गेले यात, आणि प्रत्यक्ष छपाई त्याहून कमी वेळात उरकली. या तयारीला मेकरेडी म्हणतात, एम्बॉसिंगच्या बिलात जे पैसे दिसतात त्यातले बरेचसे या न दिसणाऱ्या दोन तासांचे असतात.

कागदाचं म्हणाल तर तो इथे नुसता पाया नाही, तोच माल आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या धाग्यांची गुंतवळ. धागे लांब असले की ताणले तरी एकमेकांना धरून राहतात, म्हणून कापसाच्या लगद्याचा कागद एम्बॉसिंगला लोण्यासारखा वागतो. रिसायकल केलेल्या कागदात धागे पुन्हा पुन्हा तुटून आखूड झालेले असतात, तो खोल डायवर फाटतो. चकचकीत आर्ट पेपरचा वेगळाच वैताग, त्याच्यावर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो, कागद ताणला जातो पण लेप ताणला जात नाही, तो तडकतो. त्यातून वर गडद रंग छापलेला असेल तर कडेकडेने पांढऱ्या भेगा अशा दिसतात की जणू कुणी नखाने ओरखडलंय. आणि हवा कोरडी असली की चांगला कागदसुद्धा ठिसूळ होतो, म्हणून जाणकार लोक कागद आदल्या दिवसापासून मशीनच्या खोलीत आणून ठेवतात. कधी डायला ऊब देतात, उबेने धागे नरम पडतात आणि मग आकार धरून ठेवतात. नाहीतर कागदाला सवय असते परत आपल्या जागी यायची, दाब काढला की थोडा मागे येतोच, म्हणून डाय मुळातच हवा त्यापेक्षा खोल करतात.

डिझाइन करणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की बारीक रेघा विसरा. कागदाला वर चढायला उतार लागतो, म्हणजे प्रत्येक अक्षराची थोडी जागा त्या उतारात जाते आणि स्क्रीनवर भरदार दिसणारं अक्षर कागदावर बारकं दिसतं. आपल्या जोडाक्षरांचे तर हाल विचारू नका, 'क्ष' आणि 'ज्ञ' लहान पॉइंटात दिले तर नुसती गाठ उठते. अक्षरांमध्ये नेहमीपेक्षा जास्त अंतर सोडा, आणि छापलेल्या चित्रावर बरोबर उठाव हवा असेल तर रजिस्टर मॅच करायला, म्हणजे दोन्ही नेमके एकावर एक बसवायला, प्रेसवाल्यासोबत उभं राहायची तयारी ठेवा, कारण अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी चष्मा काढल्यासारखं डबल दिसतं. लॅमिनेशन आधी, एम्बॉस नंतर. उलटं केलं तर लॅमिनेशनचा गरम रोलर सगळा उठाव इस्त्री करून टाकतो. आणि हो, खरा एम्बॉस केलेला लेटरहेडही लेझर प्रिंटरमधून काढला की वितळत नाही, पण बसतो. रोलर त्याला चेपतो.

आता परत मागच्या बाजूकडे. पुढे उठाव आणि मागे सपाट, तर थर्मोग्राफी नाहीतर यूव्ही प्रकाशाने वाळवलेल्या वार्निशचा जाड थर. पुढे उठाव आणि मागे तसाच खड्डा, तर एम्बॉस. पुढे बारीक रेघांची किंचित उंच शाई आणि मागे हलकासा मुका मार लागल्यासारखा वळ, तर तो एन्ग्रेव्हिंगचा प्रकार, ज्यात स्टीलच्या प्लेटमधल्या खोबणीत शाई भरतात, वरचा भाग पुसून घेतात आणि कागद एवढ्या जोरात दाबतात की तो खोबणीत जाऊन शाई उचलून आणतो. नोटा याच पद्धतीने छापतात, इंटॅग्लिओ. कोरी करकरीत नोट घ्या, चेहऱ्यावरून किंवा मोठ्या अक्षरांवरून नख फिरवा, खरखर लागते ना, ती नुसती शाई नसते, कागदही वर आलेला असतो. नोटा कापसाच्या कागदावर छापण्यामागे टिकाऊपणा हे कारण आहेच, पण हा मार सोसायलाही तोच कागद लागतो. कलर झेरॉक्सला रंग जमतो, ही खरखर जमत नाही.

चौथा प्रकार, पुढे अक्षरं खड्ड्यात आणि मागे किंचित फुगीर, तो लेटरप्रेस. याची गंमत अशी की खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापायच्या काळात चांगला मुद्रक तो, ज्याचा टाइप कागदाला जेमतेम टेकतो, मागे वळ उठला की उस्ताद ओरडायचा, शिवाय टाइप झिजायचा ते वेगळंच. आज लोक मुद्दाम जाडजूड कापसाचा कागद घेऊन खोल दाबून मागतात आणि त्यालाच अस्सल म्हणतात.

शिक्क्यांचं तर वेगळंच जग आहे. चिमट्यासारखा हातातला प्रेस असतो, कागद मध्ये घालायचा आणि मूठ आवळायची, गोल शिक्का उठतो, शाई नाही काही नाही. प्रमाणपत्रावर फोटो चिकटवून अर्धा शिक्का फोटोवर आणि अर्धा कागदावर मारतात, म्हणजे फोटो बदलला की वर्तुळ जुळत नाही. सोपी आणि फार हुशार युक्ती. पण त्याची फोटोकॉपी काढली की शिक्का गायब, कारण मशीनचा दिवा सावली ठेवतच नाही. मग लोक काय करतात, पेन्सिल आडवी धरून शिशाने हलकेच घासतात, उंच भागांवर काळं लागतं आणि शिक्का वर येतो. जुने कागद हातात आले की मीसुद्धा हे करते, अर्थात मूळ कागदावर नाही, वर पातळ कागद ठेवून. विरलेलं अक्षर पेन्सिलच्या करड्यातून हळूहळू बाहेर येतं ते बघायला भारी वाटतं.

पोस्टाच्या तिकिटांनीही हे करून पाहिलंय. ब्रिटनमध्ये १८४७ ते १८५४ या काळात काही जास्त किमतीची तिकिटं एम्बॉस करून काढली, एकेक तिकीट वेगळं दाबायचे, त्यामुळे एका कागदावर कुठे दोन तिकिटांत अंतर जास्त तर कुठे एक दुसऱ्यावर चढलेलं. पण सगळ्यात भारी किस्सा सिंध डाकचा. १८५२ साली, बार्टल फ्रियर सिंधचे कमिशनर असताना, आशिया खंडातली पहिली पोस्टाची तिकिटं निघाली, गोल, आणि एम्बॉस केलेली. त्यात एक लाल लाखेच्या पातळ चकतीवर उठवलेलं होतं, ते हाताळताना तडकायचं, तुकडे पडायचे. दुसरं पांढऱ्या कागदावर बिनशाईचं, म्हणजे चक्क ब्लाइंड एम्बॉस, आणि ते मिणमिणत्या उजेडात दिसायचंच नाही. कल्पना करा, संध्याकाळी दिव्याच्या उजेडात टपाल वेगळं करणारा माणूस पत्र डोळ्याजवळ नेऊन तिकीट लावलंय की नाही ते बघतोय. "लोगो टाकायचा राहिलाय" म्हणणाऱ्या माझ्या क्लायंटला मी तेव्हा मनातल्या मनात माफ करून टाकलं. तिसरं निळ्या रंगात होतं, ते धड दिसायचं.

याच्या अगदी उलट टोकाला जपानी चित्रं. अठराव्या शतकात सुझुकी हारुनोबूच्या लाकडी ठशांच्या चित्रांत शाई न लावलेला ठसा मुद्दाम दाबलेला असतो, त्याला काराझुरी म्हणतात. बर्फ, पांढऱ्या कापडावरची वीण, अशा ठिकाणी. तिथे न दिसणं हाच हेतू आहे, चित्र हातात धरून जरासं कललं की बर्फ उमटतो. काचेत टांगलं की गेलं.

रोजच्या वापरात तर आपण हे किती वेळा हाताळतो आणि लक्षही जात नाही. टिश्यू पेपरवरची ती फुलं आणि ठिपके शोभेसाठी नसतात फक्त, स्टीलचा नक्षीचा रूळ आणि त्याला लागून रबराचा रूळ, मधून कागद जातो, त्यामुळे दोन पदर एकमेकांना धरून राहतात, मध्ये हवा राहते, म्हणून तो मऊ लागतो आणि पाणीही जास्त पितो. ती डायमोची लेबलं आठवतात का, चकती फिरवून खटक खटक अक्षरं उठवायची? त्या रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं येतात पण पांढरी शाई कुठेच नसते, प्लास्टिक जोरात ताणलं गेलं की त्याच्या आत बारीक पोकळ्या पडतात आणि उजेड विखुरल्यामुळे तेवढा भाग पांढरा दिसतो. म्हणजे जे आर्ट पेपरवर दोष म्हणून शिव्या खातं तसलंच काहीतरी इथे कामाला लावलंय. आणि क्रेडिट कार्डावरचे ते उंच आकडे, ते कार्ड एका मशीनमध्ये ठेवून वर कार्बनची स्लिप घालून खर्रकन दांडा ओढला की आकडे स्लिपवर उमटायचे, त्यासाठी होते ते. नंतर आली पट्टी, मग चिप, आकड्यांचं काम संपलं, तरी कितीतरी वर्षं ते तसेच येत राहिले. आता बरीच कार्डं सपाट येतात. जुनं कार्ड असेल तर उलटं करा, मागे सगळे आकडे आरशातले.

हे सगळं झालं दिसण्याचं, मिरवण्याचं. पण उठाव ही ज्यांची गरजच आहे त्यांची गोष्ट वेगळी. पॅरिसमध्ये व्हॅलेंतिन हाउई यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी अंध मुलांची शाळा काढली आणि ओल्या कागदावर नेहमीचीच अक्षरं मोठी करून उठवून पुस्तकं बनवली. कल्पना मोठी होती, पण पुस्तकं अवजड, आणि एकेक अक्षराच्या वळणावरून बोट फिरवून ते ओळखायचं म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत येईतो शब्दाची सुरुवात विसरायची वेळ. त्यात लिहिणं तर शक्यच नाही. त्याच शाळेत लुई ब्रेल आला. शार्ल बार्बिये यांची बारा ठिपक्यांची एक पद्धत तिथे येऊन गेली होती, पण बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत, बोट वरखाली करावं लागतं. ब्रेलने सहा केले. पंधरा वर्षांचा होता, साल १८२४. सहा ठिपके म्हणजे एक स्पर्श, बोटाच्या टोकाखाली अख्खं अक्षर. मला यातलं जे सगळ्यात जास्त पटतं ते हे, की हाउईंची अक्षरं डोळ्याची होती, बोटाला उसनी दिलेली. ब्रेलने अक्षरच बोटाचं बनवलं. आणि १८२९ मध्ये त्याने ही पद्धत समजावून सांगणारं पुस्तक काढलं, तेसुद्धा छापलं गेलं त्याच जुन्या उठावाच्या रोमन अक्षरांत, कारण नवीन लिपी वाचणारं अजून कोण होतं? फ्रान्सने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, ब्रेल गेला १८५२ मध्येच.

ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो आणि शेजारच्या ठिपक्यापासून अडीच मिलिमीटरवर. मोठ्या प्रमाणात छापायचं तर जस्ताचा दुमडलेला पत्रा घेतात, मशीन दोन्ही थरांवर एकदम ठिपके उठवतं, मग पत्रा उघडून मध्ये कागद घातला की मेल आणि फिमेल आपोआप एकमेकांचे जुळे. मला हे वाचून त्या काकांचे दोन तास आठवले. पानाच्या दोन्ही बाजूंना छापायचं असेल तर मागचे ठिपके पुढच्या ठिपक्यांच्या मधल्या जागेत येतील असे सरकवून घेतात, बोटाला फक्त वर आलेलं कळतं, खड्डे ते दुर्लक्षित करतं. युरोपियन युनियनमध्ये २००४ च्या नियमाने औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये असणं बंधनकारक झालंय, म्हणजे गोळ्यांचं साधं खोकं हातात घेतलं तरी छापलेल्या मजकुराच्या मधूनच ठिपक्यांची ओळ गेलेली सापडते.

हाताने ब्रेल लिहायची पाटी मी एकदा वापरून बघितलीय. कागद पट्टीत अडकवायचा आणि टोचणीने ठिपके मागून टोचायचे, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. लिहून झालं की कागद पलटायचा आणि डावीकडून उजवीकडे वाचायचा. मी माझं नाव लिहिलं आणि पलटलं तर दोन अक्षरं भलतीच निघाली, सवयीने सरळ टोचली होती.

आणि तरी घरी येऊन तीच चूक परत केली. जाड पुठ्ठ्यात 'र'च्या आकाराचं भोक कापलं ('क' घेऊ नका, त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो), तो पुठ्ठा खिडकीच्या काचेवर टेपने चिकटवला, वर ड्रॉइंगचा कागद धरला आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने आकाराच्या कडेकडेने, मग आतून, असं घासत गेले. पहिला कागद प्रिंटरचा होता, तो कोपऱ्यात फाटला. ड्रॉइंगचा टिकला, पलटून बघते तर 'र' उलटा. अर्थातच, मी मागून घासत होते. पुठ्ठा काढून उलटा चिकटवला, कागदावर ओला कापूस जेमतेम फिरवला, पाच मिनिटं थांबले आणि परत. या वेळी कड छान गोल आली, आतला भाग सपाट, खांद्याशी सावली. मस्त.

फोटो टाकणार होते इथे. काल रात्रीपासून सतरा काढलेत. फ्लॅश पडला की नुसता पांढरा कागद दिसतो. आता टेबल लॅम्प आडवा ठेवून, बाकीचे दिवे घालवून बघते, जमलं तर लावते.